टर्बो बदलायला निघालो होतो, 780 रुपयांच्या रबरी होजवर भागलं: धुळ्यातल्या एका जुन्या डिझेल गॅरेजचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

आधी गाडी सांगतो, कारण ज्याची गाडी वेगळी त्याला यातलं अर्धं लागूच नाही. माझी टाटा 1613, सहा चाकी, 2007 ची. 16 म्हणजे एकूण वजन सोळा टनांच्या घरातलं आणि 13 म्हणजे 130 च्या आसपास हॉर्सपॉवर; हे मला दहा वर्षं गाडी हाकून कळलं नव्हतं, या गॅरेजात कळलं. आत 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स टर्बो इंजिन, डिझेलचा पंप साधा मेकॅनिकल, मायकोचा. मायकोचं नाव 2008 साली बॉश झालं, पण आमच्याकडे पंप मायकोचाच राहिला. गाडीत ना सेन्सर, ना चेक इंजिनचा दिवा. नवीन गाडी निदान खोटं तरी बोलते. ही काहीच बोलत नाही. तिचं दुखणं ओळखायचं म्हणजे गुरांच्या डॉक्टरचं काम आहे.

मी यावल तालुक्यातला. केळी भरायची, वाशीला खाली करायची, येताना मिळेल तो माल. गाडी स्वतः चालवतो. बाजूला क्लीनर म्हणून सख्खा भाचा. बारावीनंतर काय करायचं ते त्याचं ठरेना, तर बहीण म्हणाली, "दादा, याला रस्त्याला लाव." मी खरोखर रस्त्याला लावला.

दुखणं फेब्रुवारीत सुरू झालं. रिकामी गाडी मस्त पळायची. स्टार्टिंग अर्ध्या सेल्फला, आयडलवर इंजिन एकसारखं, टेम्परेचर जागेवर, ऑइल खात नव्हती. पण दहा टन माल पाठीवर पडला की ॲक्सिलरेटर पत्र्याला टेकवा नाहीतर सोडून द्या, तिला काही फरक नाही. आरपीएमचा काटा 1700 वर जाऊन बसायचा. ओव्हरटेक करायला बाहेर काढली की समोरून येणाऱ्याचे दिवे मोठे होत जायचे आणि मी मुकाट्याने पुन्हा आत. धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर जी गाडी तिसऱ्या गिअरवर गुणगुणत जायची, ती दुसऱ्यावर रडत जायला लागली. मागे धूर काळसर.

गावाजवळच्या मिस्त्रीने एअर फिल्टर आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. त्याची चूक नाही, सगळे सुरुवात तिथूनच करतात आणि करायलाच पाहिजे. फरक शून्य. मग एका पंप लॅबमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, नाव लिहून माझे पैसे परत येणार नाहीत. त्यांनी पंप उतरवला, इंजिनात डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले, तीन दिवस गाडी उभी, बिल 18,500. देताना मालक म्हणाला, "डिझेल थोडं वाढवून दिलंय, आता बघा पिकअप." आणि खरंच पिकअप आला भो. दोन खेपा मी खूश. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच, वर धूर आता काळसर नाही, डांबरासारखा. ॲव्हरेज साडेचारचा 3.8 वर आला. पुढे हायवेवरच्या एका मिस्त्रीने बोनेटवर हात ठेवून, आत न डोकावता सांगितलं की टर्बो गेला. नवीन टर्बो, फिटिंग धरून 32 हजार. भाच्याने तोवर मोबाइलवर पंधरा-वीस हिंदी व्हिडिओ बघून ठेवले होते. त्याचंही मत टर्बोच. मी पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती.

मे महिन्यात एका रात्री कटाईला उशीर झाला. रात्री दोनला यावल सोडलं. केळी हा माल कसा, तर कच्चाच भरायचा आणि तो वाटेत कच्चाच राहिला पाहिजे. आमच्याकडे मे मध्ये पारा 45 च्या पुढे जातो. ताडपत्रीखाली माल उबला की एखादा घड आतून पिवळा व्हायला लागतो आणि त्याच्या जोडीने शेजारचे. वाशीचा व्यापारी ताडपत्री उघडून नुसता वास घेतो आणि भाव तोडतो. म्हणून आम्ही रात्रीच पळतो. त्या रात्री पळणं कुठलं! धुळ्याला पोचेपर्यंत उजाडून गेलं होतं. पुढे लळिंगचा किल्ला दिसायला लागला आणि चढाला गाडी पहिल्या गिअरवर आली. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, आरशात नुसता धूर. भाचा म्हणाला, "मामा, हिला नाशिकपर्यंत नेली तर उद्या सकाळी पोचू." मी गाडी कडेला घेतली, पुढे जागा बघून वळवली आणि खाली आलो. ढाब्यावर चहा पिताना एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने पत्ता दिला. पारोळा रोडला, पेट्रोलपंप ओलांडला की डाव्या हाताला लिंबाचं झाड आणि पत्र्याची शेड.

बोर्डावरची अक्षरं उन्हाने खाल्लेली. मालकाला सगळे आबा म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. वय पासष्टच्या पुढे असावं. गाडीखाली शिरायचा एक खड्डा, दोन पोरं, भिंतीवर तारेत ओवलेले जुने नोझल, मिरच्या ओवतात तसे. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही. मला वाटलं, आणखी एकदा पैसे पाण्यात.

आबांनी पाना उचलला नाही. खाटेवर बसून विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, टर्बो गेलाय. त्यांनी हात वर केला. टर्बो गेला हे मी विचारलं नाही, काय झालं ते सांगा. आणि मग पंधरा मिनिटं नुसते प्रश्न. जोर एकदम गेला की हळूहळू? रिकामी असताना जातो का? गार इंजिनला आणि गरम इंजिनला सारखाच? चढाला लागल्यावर लगेच जातो, का दोन किलोमीटरनंतर? टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो का? आरपीएम चढतो आणि गाडी चढत नाही, का आरपीएमच चढत नाही? धुराचा रंग काय? शेवटचं काम कोणी केलं आणि त्या आधी धूर कसा होता?

हा शेवटचा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, आधी काळसर होता, लॅबनंतर डांबर. आबा म्हणाले, "गाडी आजारी नही शे भाऊ, उपाशी शे." मी म्हटलं, डिझेल तर दुप्पट पितेय. ते म्हणाले, डिझेलला नाही, हवेला उपाशी. पण लगेच पुढे म्हणाले, हा माझा अंदाज झाला, अंदाजावर मी गाडी खोलत नाही.

धुराचं त्यांचं गणित मी आता पाठ केलंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. जोर नाही आणि धूरही नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. मग टाकीतली जाळी, फीड पंप, फिल्टर, कुठे हवा ओढते का, ते बघायचं. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल न जळताच बाहेर येतंय, टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. यात नवीन काहीच नाही, जुन्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक असतं. पण तीन ठिकाणी गाडी दाखवली आणि तिन्ही ठिकाणी कोणी गाडीच्या मागे जाऊन उभं राहिलं नव्हतं.

सगळ्यात आधी त्यांनी चाकं बघितली. मी चक्रावलो. जोर इंजिनात नाही आणि हा माणूस चाकांच्या चारही ब्रेक ड्रमजवळ हात नेतोय. एखादा ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिन बिचारं ब्रेकशी कुस्ती खेळतं आणि आपण पंप खोलत बसतो. ड्रम सगळे सारखेच कोमट होते. मग क्लच. वरच्या गिअरमध्ये दाबून बघितलं, आरपीएम एकटाच पळत नव्हता, म्हणजे क्लच घसरत नव्हता. मग एक्झॉस्ट ब्रेक. सायलेन्सरच्या पाइपातली ती पाकळी अर्धवट मिटून राहिली तर इंजिनाचा श्वास कोंडतो. पाकळीचा दांडा पूर्ण मागे येत होता. पंपाच्या रिटर्नवर पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघितले. एक नाही. एअर फिल्टर काढून उजेडाला धरला. ठीक. या सगळ्याला पाऊण तास गेला असेल. एकही बोल्ट उगाच खोलला नाही. दर वेळी त्यांचं एकच, "कसाले खोलतस? आधी देखी ल्या."

आता खरी मजा. आबांनी भाच्याला कॅबिनमध्ये बसवलं, इंजिन बंद, आणि मला पंपापाशी खाली बोलावलं. पंपाला बाहेरून एक लिव्हर असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो फिरतो आणि पूर्ण दाबल्यावर एका स्क्रूला जाऊन टेकतो. तो स्क्रू म्हणजे शेवट, त्यापुढे नाही. आबा ओरडले, "आते दाब!" भाच्याने दाबला. लिव्हर फिरला आणि स्क्रूच्या अलीकडे थांबला. "आणखी दाब." "टेकला, आबा, पत्र्याला टेकला!" आबांनी खिशातून रुपयाची दोन नाणी काढली आणि लिव्हर आणि स्क्रूच्या मधल्या फटीत सरकवली. दोन्ही आत बसली. मी बघतच राहिलो. चार महिने मी पाय तुटेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबत होतो आणि पंपाला तो निरोप पूर्ण पोचतच नव्हता. लिंकेजमधला बुश झिजून अंडाकृती झाला होता. 60 रुपयांचा बुश. पोराने बदलला, रॉड थोडा ॲडजस्ट केला, लिव्हर टकक्‌न स्क्रूला टेकला.

मी लगेच पाकीट काढलं. वाटलं, झालं. आबा म्हणाले, बसा. हा एक चोर सापडला, पण हा तुमच्या काळ्या धुराचा चोर नाही. लिव्हर कमी फिरत होता तर डिझेल कमी जायला हवं होतं, मग धूर कसला?

मग त्यांनी एक घड्याळ काढलं. प्रेशर गेज, काच तडकलेली, पट्टीने चिकटवलेली. इंजिनाच्या मॅनिफोल्डवर जिथे टर्बोची दाबलेली हवा येते तिथे टी लावून एक बारीक नळी काढली, खिडकीतून कॅबिनमध्ये आणली आणि गेज भाच्याच्या हातात दिलं. माल तसाच भरलेला. आम्ही तिघं लळिंगच्या चढाला पुन्हा. आबा मधे बसले, डोळे मिटून. ऐकत होते. तिसऱ्या गिअरला मी पूर्ण दाबला. लिव्हर आता शेवटपर्यंत जात होता, त्यामुळे धूर आधीपेक्षा वाढला. "किती?" भाचा म्हणाला, सहा. सहा पीएसआय. आबा डोळे न उघडता म्हणाले, "हवा कोठे तरी जाई ऱ्हायनी." आणि मग मला म्हणाले, खिडकी खाली करून ऐका, टर्बोच्या शिटीमागे अजून एक आवाज आहे. मला आधी ऐकू आला नाही. मग आला. सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा सुटावी तसा, बारीक, आणि फक्त पूर्ण दाबल्यावरच.

हे मला कळलं तसं सांगतो. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वाऱ्यावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. डिझेल जाळायला तेवढी हवा लागते. वाटेत कुठे भोक असेल तर टर्बो बिचारा ठीकठाक फिरतो, पण दाबलेली हवा रस्त्यावर जाते. आयडलला दाबच नसतो, म्हणून कोणाला काही कळत नाही. रिकाम्या गाडीला दाब फार लागत नाही, म्हणून तेव्हाही नाही. भरली गाडी, चढ आणि पूर्ण ॲक्सिलरेटर, या तिन्ही गोष्टी जमल्या की भोक उघडतं. त्यात लॅबने डिझेल वाढवून दिलेलं. म्हणजे पंगतीत वाढप्याने भात वाढतच जायचा आणि जेवणाऱ्याचा हात बांधलेला. न जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर. वरून सायलेन्सरकडचं तापमान वाढतं, आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर टर्बो, व्हॉल्व्ह, पिस्टन, सगळ्यांना भोगावं लागतं. म्हणजे मी डिझेल वाढवून टर्बो वाचवत नव्हतो, मारत होतो.

गॅरेजला परत आलो. गाडी थोडी गार होऊ दिली. आबांनी टर्बोच्या तोंडावरचा होज काढला आणि दोन बोटांनी आतली पंखी हलवली. आडवी किंचित हलली. पुढे-मागे अजिबात नाही. पाती कुठे घासल्याची खूण नाही. "टर्बो कोणी बदलायला सांगितला?" मी भाच्याकडे बघितलं. भाचा लिंबाच्या झाडाकडे बघत होता.

मग पोराने एक लाकडी गुटका आणला. गोल घासलेला, मधोमध टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला. कुठे विकत मिळत नाही ही वस्तू, त्यांनी स्वतः केलेली. टर्बोच्या तोंडावरच्या होजमध्ये तो गुटका घालून क्लॅम्प आवळला आणि व्हॉल्व्हला हवा भरायच्या कॉम्प्रेसरची नळी लावली. पंधराच्या पुढे हवा भरू नका, सील जाईल, असं पोराला बजावलं. डब्यात निरम्याचं पाणी, त्यात दाढीचा ब्रश. आबा स्वतः वाकले आणि एकेक जोड साबणाने रंगवत गेले. मॅनिफोल्डची गॅसकेट, काही नाही. वरचा क्लॅम्प, काही नाही. टर्बोकडून मॅनिफोल्डला जाणाऱ्या पाइपाचा खालचा होज, वरून चकाचक, काळाभोर, मी स्वतः दर महिन्याला हात लावून बघितलेला. आबांनी ब्रश त्याच्या खालून, पोटाखालून फिरवला. आणि तिथून फेस आला. आधी एक फुगा, मग भसाभस, लग्नातल्या सोड्याच्या बाटलीसारखा.

होज काढून हातात दिला. खालच्या बाजूला, एका ब्रॅकेटला घासून घासून चार बोटं लांब चीर पडली होती. हातात धरला तर चीर दिसत नाही, रबर आपोआप मिटतं. आतून अंगठ्याने दाबलं की तोंड उघडावं तशी उघडते. भाच्याने त्याचा व्हिडिओ काढला. मी त्याला म्हटलं, हा टाक तुझ्या मोबाइलवर, टर्बोवाल्यांच्या व्हिडिओखाली.

होज आग्रा रोडवरून मागवला, कापडाच्या थरांचा, चांगल्या प्रतीचा, 780. क्लॅम्प त्यांनी टी-बोल्टचेच लावले, दोन मिळून 240. साध्या खाचांच्या पट्टीचा क्लॅम्प दाबाखाली ढिला होतो आणि रबर कापतो, म्हणून तो ते लावत नाहीत. ब्रॅकेट वाकवून होजपासून बोटभर लांब केलं. याचे पैसे लावले नाहीत, पण माझ्या मते खरी दुरुस्ती ती होती. नाहीतर नवीन होजही सहा महिन्यांत तिथेच फाटला असता. बुश 60, मजुरी 900. एकूण 1,980. यात दोनदा लळिंगला येणं-जाणं आलं. हो, दोनदा, कारण काम झाल्यावर आबा पुन्हा गेज घेऊन बसले. त्याच चढाला, त्याच गिअरला 14. प्रत्येक गाडीला हा आकडा वेगळा असतो, माझा घेऊन तुमच्या गाडीशी भांडू नका. पण सहाचे चौदा झालेले मला सीटमध्येच कळले. गाडीने पाठीत धक्का दिला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी लळिंगला तिसऱ्यावर दुसऱ्या ट्रकला ओलांडलं.

आता लॅबचा विषय. चढाचं दुखणं गेलं, पण धूर पूर्ण गेला नाही. आबांनी पंपावर बॅटरी मारून दाखवलं की डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूची सीलची तार तुटलेली आहे. मी म्हटलं, तुम्हीच कमी करा. ते म्हणाले, नाही. डोळ्याने करायचं काम नाही हे, बेंचवर सहाही घरांचं डिझेल मोजून करायचं असतं आणि माझ्याकडे बेंच नाही. ज्याने वाढवलं त्याच्याकडे जा आणि पंपाच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर आणून द्या म्हणा. दुसरा कोणी असता तर स्क्रू फिरवून पाचशे रुपये घेतले असते. मी लॅबला गेलो. आधी म्हणाले, साहेब तुम्हीच पिकअप मागितला होता. हे खरं आहे, मीच मागितला होता. मग हजार रुपये घेऊन कमी करून दिलं. आता ॲव्हरेज 4.4. आबा म्हणाले होते ते बरोबर निघालं: गाडीत दोन बिघाड होते, तिसरा तुम्ही 18,500 देऊन विकत घेतला.

केळीचं म्हणाल, तर गाडी दिवसभर लिंबाखाली होती. दुपारी ताडपत्री मागून सोडून हवा खेळती ठेवली, पोरांनी वरून पाणी मारलं, तेही न सांगता. तरी मागच्या बाजूचा माल थोडा उबलाच. वाशीला भावात फटका बसला. तो गॅरेजच्या माथी नाही, माझ्या फेब्रुवारी ते मेच्या आळसाच्या माथी.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला. संध्याकाळी पोचलो. आबांनी बोनेटला हात लावला आणि म्हणाले, उद्या सकाळी. गरम इंजिनला टॅपेट मी करत नाही. मी चिडलो, रात्र गाडीतच काढली. सकाळी थंड इंजिनवर फिलर गेज घेऊन स्वतः केलं, इनटेकला 0.25 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला 0.51. भाच्याला बाजूला उभं करून फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, वदवून घेतली, 1-5-3-6-2-4, पाढ्यासारखी. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. 600 रुपये घेतले. त्याच वेळी आबा माझ्यावर ओरडलेही, कारण डिझेल फिल्टरच्या वाटीत पाणी साचलेलं सापडलं. रोज सकाळी वाटीचा नळ सोडून दोन घोट काढून टाकायचे, एवढं होत नसेल तर गाडी विका आणि बैलजोडी घ्या, म्हणाले. गिऱ्हाइकाशी असं बोलणं सगळ्यांना चालणार नाही. मला चाललं, कारण पाणी खरंच होतं.

आता कापलेला तारा. फोन उचलत नाहीत. म्हणजे कधीच नाही. फोन गल्ल्यात ठेवलेला असतो आणि गल्ला बंद असतो. रस्त्यात बंद पडलात तर यांच्या भरवशावर राहू नका, गाडी ओढून आणायची सोय तुमची तुम्हीच करा. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, जीएसटी नाही, त्यामुळे ज्यांची गाडी कंपनीच्या नावावर आहे त्यांनी आधी विचारून घ्या. खड्डा एकच. संडासची सोय नाही, समोरच्या ढाब्यावर जावं लागतं. तिथली शेवभाजी मात्र चांगली आहे, तिखट जपून सांगा. आणि बीएस-4, बीएस-6 च्या, सेन्सरवाल्या गाड्या आबा हातात घेत नाहीत. एक मुलगा नवीन पिकअप घेऊन आला होता, त्याला सरळ सांगितलं, ही मला वाचता येत नाही, स्कॅनर असलेल्याकडे जा. कॉमन रेलवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनवाल्यांनी, म्हणून इतक्या लांब येऊ नये.

वेळही लागतो. माझे सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन गेले. ज्याला एका तासात पार्ट बदलून हवाय त्याला हे गॅरेज आवडणार नाही. ते पार्ट बदलायच्या आधी सगळं नुसतं बघतात आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाला वाटतं की काहीच चाललं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत पोचा, दहानंतर खड्ड्यावर दुसरी गाडी असते. शक्यतो माल भरलेला असताना न्या. माझ्यासारखी केळी नको, सिमेंट किंवा मका चालेल. रिकाम्या गाडीला हे दुखणं दिसतच नाही आणि आबा मग तुम्हालाच विचारतात, दुखतंय कुठे? गेल्या वेळी काय काम झालं, कोणी केलं, आधी धूर कसा होता, हे आठवून जा. आणि सोबत पोरगं असेल तर त्याला न्या. माझ्या भाच्याने परवा सावद्याला एका ओळखीच्या टाटा 407 च्या ॲक्सिलरेटरवर दुसऱ्याला बसवलं, स्वतः खाली वाकला आणि खिशातून रुपयाची दोन नाणी काढली.